पहिला डीएसएलआर घेताय? आधी लेन्सचं बोला

दसरा जवळ आला की ‘पहिला कॅमेरा कोणता घेऊ?’ अशी पत्रं वाढतात. या वेळची आठ इथे घेतली आहेत. बहुतेकांचा प्रश्न कॅमेऱ्याचाच आहे, लेन्सचा उल्लेख निम्म्याच पत्रांत आहे. नवशिक्यांना शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच बघतोय. बजेट बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, संपतं, डब्यातून जी लेन्स येईल तिच्यावर भागवावं लागतं, आणि सहा महिन्यांत कॅमेरा कपाटात जातो. हे वाईट वाटतं म्हणूनच खालची उत्तरं पुन्हा पुन्हा लेन्सकडे वळतील.

सातारा, महाविद्यालयीन विद्यार्थी : बजेट ४५ हजार. कासची फुलं, ट्रेक आणि घरातली लग्नं काढायची आहेत. मित्र म्हणतात डीएसएलआर संपला, मिररलेस घे. दुकानदार नवीन कॅनन १५००डी दाखवतोय. काय करू?

मित्रांचं निम्मं बरोबर आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो आणि डोळा लावायच्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, आपण समोरचं दृश्य थेट बघतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि प्रकाश चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज मुख्यतः या आरशाचा आणि शटरचा, म्हणजे सेन्सरसमोर उघडमीट करणाऱ्या झडपेचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या पडद्यावर आपल्याला दिसतं. कॅनन आणि निकॉन दोघांनीही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आणले. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० बनवणंही थांबवलं. त्यांचं नवं संशोधन आणि त्यांच्या नव्या लेन्स आता मिररलेससाठीच येतात.

पण जे बनून झालंय ते कुठे जात नाही. कॅननचा ईएफ माउंट (लेन्स जोडायची खोबण) १९८७ पासूनचा आणि निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरताहेत आणि लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे चांगल्या अवस्थेत, कमी पैशांत मिळताहेत. ४५ हजारांत शिकायला बसणाऱ्यासाठी ही चांगली वेळ आहे.

१५००डी मी तुला घ्यायला सांगणार नाही. सेन्सर चांगला आहे, २४ मेगापिक्सेलचा. पण फोकसचे बिंदू नऊच, सेकंदाला फोटो तीनच, आणि मागचा पडदा बॉडीला पक्का चिकटलेला. कासवर हा पडदा नडतो. तिथली बरीचशी फुलं घोट्यापर्यंत जेमतेम येतात. वाट सोडून आत शिरायचं नाही, एकही रोप तुडवायचं नाही, म्हणजे वाटेवर बसूनच कॅमेरा जमिनीलगत धरावा लागतो. पडदा बाहेर वळत नसेल तर ओल्या कातळावर गाल टेकवून व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचं. एकदा जमतं, दिवसभर जमत नाही.

त्यापेक्षा वापरलेला कॅनन २००डी मार्क टू शोध. हा २०१९ चा. बॅटरी-कार्डासकट वजन ४५० ग्रॅमच्या आसपास, पडदा हवा तसा वळतो, पडद्यात बघून फोटो काढतानाही फोकस चटकन लागतो, आणि कंपनीच्या मोजणीनुसार एका बॅटरीवर हजाराच्या वर फोटो निघतात. गडावर दोन दिवस चार्जिंगशिवाय काढायचे असतील तर ही गोष्ट फार मोठी आहे. तो नाहीच मिळाला तर आधीचा २००डी चालेल, फक्त जास्तीची बॅटरी घे. निकॉनच्या डी५६०० चा पडदाही वळतो, पण पडद्यात बघून काढताना त्याचा फोकस रेंगाळतो.

उरलेल्या पैशांत कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्स घे. मिमीचा आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं, आणि एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो, म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये तीच कामाला येईल. शिवाय एक एक्स्टेन्शन ट्यूबचा संच. ही नुसती पोकळ नळी असते, आत काच नाही. बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसवली की ५० मिमी लेन्स फुलाच्या अगदी जवळ जाऊन फोकस करते. धातूचे संपर्कबिंदू असलेलीच घे, नाहीतर कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं बोलणं तुटतं आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बदलता येत नाही.

पुढेमागे बजेट साठ-सत्तर हजारांपर्यंत गेलं तर मात्र माझं उत्तर बदलेल. तेव्हा कॅनन आर५० सारखा मिररलेस घ्यावा. आत्ता घेतलेल्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्यावर उत्तम चालतात, त्यामुळे आजचे पैसे वाया जाणार नाहीत.

सांगली, शिक्षिका : माझ्याकडे निकॉन डी३४०० आणि १८-५५ लेन्स आहे. मुलगी भरतनाट्यम शिकते. स्नेहसंमेलनातले तिचे सगळे फोटो हललेले येतात. कोणता नवीन कॅमेरा घेऊ?

बाई, कॅमेरा बदलू नका. तुमचा कॅमेरा चांगला आहे, लेन्सला पुरेसा उजेड मिळत नाही एवढंच झालंय.

हे आकड्यांत बघू. १८-५५ लेन्स झूम करून ५५ वर नेली की तिचं अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. शाळेच्या रंगमंचावरच्या उजेडात, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १६०० ठेवून, कॅमेरा शटर साधारण १/२५ सेकंद उघडं ठेवायला मागेल. तेवढ्या वेळात मुलीचा हात अलपद्मातून कटकामुखात गेलेला असतो. डोळे स्पष्ट आले तरी बोटांची रेघ होते. आता त्याच जागी एफ १.८ ची लेन्स लावा. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला तर उत्तर येतं सुमारे दहा. म्हणजे दहापट उजेड आत येतो आणि १/२५ चं थेट १/२५० होतं. त्या वेगात हात थांबतो, घुंगरूही दिसतात.

तुमच्यासाठी लेन्स आहे निकॉन एएफ-एस ५० मिमी एफ १.८जी. पुढच्या रांगेतून अर्धी आकृती किंवा चेहरा हवा असेल तर ही. पूर्ण मंच, सगळ्या मुली एकत्र हव्या असतील तर डीएक्स ३५ मिमी एफ १.८जी. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर मी ५० घेईन, कारण आईला शेवटी चेहराच हवा असतो. खरेदी करताना ‘एएफ-एस’ ही अक्षरं वाचून घ्या. का, ते खालच्या नाशिकच्या पत्रात आहे.

लेन्स आली तरी तीन गोष्टी बदलाव्या लागतील. मोडची चकती ‘ऑटो’वरून ‘एस’वर (शटरचा वेग आपण ठरवायचा मोड) आणा, शटर १/२५० ठेवा, आयएसओ ऑटो करून वरची मर्यादा ३२०० द्या. मागे काळा पडदा असेल तर कॅमेरा फसतो, तो सगळं दृश्यच उजळ करायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय) उणे एकपर्यंत खाली घ्या. आणि कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश बंद ठेवा. त्याचा उजेड तीन-चार मीटरच्या पुढे फारसा कामाचा राहत नाही. मंचाऐवजी पुढच्या रांगेतल्या पालकांची डोकी उजळतात, आणि नाचणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर लखकन प्रकाश येतो तो वेगळाच. तिचा ताल चुकेल असं काही आपण करू नये.

तालमीला एकदा जाऊन बसा. अरुदी (नृत्यखंडाचा शेवट) कुठे येते, मुलगी कुठे क्षणभर स्थिर उभी राहते, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर निम्मं काम झालं. ते क्षण बाहेरच्या फोटोग्राफरला कळत नाहीत, तुम्हाला कळतात.

अकोला, बँक कर्मचारी : फोन २०० मेगापिक्सेलचे आले, डीएसएलआर मात्र २४ वरच. मग फोनच बरा नाही का?

२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचांची उत्तम छपाई होते. घरात याहून मोठा फोटो आपण क्वचितच लावतो. खरा फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर कॅननमध्ये सुमारे २२ बाय १५ मिमी, निकॉनमध्ये थोडा मोठा. फोनचा त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. भर उन्हात फोन चांगलाच फोटो देतो. संध्याकाळी, घरात, पळणाऱ्या मुलाचा काढून बघा, फरक दिसेल. तुम्ही फक्त सहलीचे आणि कुटुंबाचे दिवसाचे फोटो काढणार असाल तर फोन पुरतो, पैसे वाचवा.

नाशिक, सरकारी नोकरी : ओळखीतले एक जण निकॉन डी३३०० आणि ५० मिमी एफ १.८डी लेन्स स्वस्तात देताहेत. घेऊ का? वापरलेला कॅमेरा तपासायचा कसा?

बॉडी घ्या, ती लेन्स मात्र घेऊ नका. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्या ‘डी’ लेन्समध्येही ती नाही. दोन्ही एकत्र आल्या की ऑटोफोकस चालत नाही, प्रत्येक फोटोला हाताने रिंग फिरवावी लागते. विकणारा फसवतोय असं नाही, बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. या बॉडींना आत मोटर असलेली ‘एएफ-एस’ लेन्स हवी. ‘एएफ-पी’सुद्धा चालते, पण डी३३०० ला त्यासाठी फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागू शकतं, आणि डी३२०० किंवा त्याआधीच्या बॉडीवर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही.

तपासायला दिवसाउजेडी जा. फोनचा टॉर्च, कोरं कार्ड आणि अर्धा तास हातात ठेवा.

लेन्स काढून हातात घ्या, दोन्हीकडची झाकणं काढा आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरका मारून पुढून बघा. धुळीचे चार कण असले तरी चालतात, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे किंवा काचेवर धूसर पडदा दिसला तर ती लेन्स परत द्या. फुकट दिली तरी घरी आणू नका.

मग लेन्स बसवून अ‍ॅपर्चर एफ १६ करा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा, फोकस बिघडवून, एक फोटो काढा. पडद्यावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत न्या. काळपट गोल ठिपके सेन्सरवरची धूळ असते, ती साफ होते. सरळ रेघ किंवा ओरखडा असेल तर तो जात नाही.

शटर किती वेळा उडालंय हेही कळतं. निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलमध्ये तो आकडा लिहिलेला असतो आणि फुकट मिळणाऱ्या, एग्झिफ (फाइलमध्ये लपलेली फोटोची माहिती) वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. कॅननच्या बहुतेक फाइलींत तो नसतो. या वर्गातल्या निकॉन बॉडीचं शटर एक लाख क्लिकपर्यंत चाचणी केलेलं असतं. वीस-तीस हजार झालेले असतील तर निश्चिंत घ्या. ऐंशी हजारांच्या पुढे असेल तर ती लग्नाच्या कामाला जुंपलेली बॉडी आहे, किंमत तशीच द्या.

शेवटी हात फिरवा. पकडीचं रबर सुटलंय का, फ्लॅश लावायच्या खाचेत पितळ झिजलंय का, बॅटरीच्या खणात हिरवट बुरशी किंवा गंज आहे का, कार्डाचं दार नीट लागतं का. बॅटरी काढून तिचा फुगवटा बघा. फुगलेली असेल तर दुसरी घ्यायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. मूळ बिल आणि खोक्यावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचा माल असाच फिरतो.

ठाणे, नोकरदार : फोर्टातल्या बोरा बाजारात तोच कॅमेरा बिलाशिवाय पाच हजारांनी स्वस्त मिळतो. घ्यावा का?

बोरा बाजारात वर्षानुवर्षं प्रामाणिक धंदा करणारे दुकानदार आहेत, मीही तिथून घेतो. पण बिलाशिवाय घेत नाही. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली किंवा चिकटवलेली असावी लागते. ती नसेल तर तो माल अधिकृत वाटेने आलेला नाही, आणि वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरमध्ये तुमचं कोणी ऐकून घेणार नाही. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या. नातेवाइकांकडून परदेशातून आणायचा असेल तरी हेच; बॉडीची वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते.

मालवण, घरगुती पर्यटन व्यवसाय : पाहुण्यांचे आणि समुद्राचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचाय. पण इथे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते. कॅमेरा टिकेल का?

टिकेल, पण सांभाळायची तयारी आधी करा, कॅमेरा नंतर घ्या.

माझी पहिली ५० मिमी लेन्स मी अशीच घालवली. छान चामड्याच्या पाउचमध्ये गुंडाळून जूनमध्ये कपाटात ठेवली आणि गणपतीत काढली. उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर नाजूक पांढऱ्या फांद्या पसरलेल्या. साफ करून घेतली, पण बुरशीने कोटिंग खाल्लं होतं. दिव्यासमोरचा प्रत्येक फोटो धुवट यायला लागला. चामडं आणि कापूस ओल धरून ठेवतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला बरं वाटतं. कॅमेरा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवायचा. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट परवडलं तर उत्तमच. नाहीतर स्वयंपाकघरातला रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. निळ्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट असतं, म्हणून नारिंगी घ्या. ओल शोषली की ते हिरवट होतं. मंद आचेवर जुन्या कढईत परतलं की रंग परत येतो. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याची पूड आत जाते.

आणि कॅमेरा वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून, लेन्सचा झूम फिरवून, उजेडात चार फोटो काढलेत तरी फरक पडतो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर पिळून घट्ट केलेल्या ओल्या फडक्याने बॉडी पुसा, म्हणजे मीठ निघतं, मग कोरड्या फडक्याने. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलात तर काचेवर धुकं येईल. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

बॉडी कोणती, याला तुमच्या बाबतीत फार महत्त्व नाही. वापरलेली डी३५०० आणि तिची १८-५५ पुरेल.

पुणे, निवृत्त अभियंता : भिगवणला रोहित पक्षी बघायला जातो. कॅननची जुनी ७५-३०० मिळतेय, ती घेऊ की ५५-२५०?

५५-२५० आयएस एसटीएम घ्या, डोळे झाकून. बहुतेक ७५-३०० मध्ये कंप रोखणारी यंत्रणा (कॅननची आयएस, निकॉनची व्हीआर) नाही आणि ३०० च्या टोकाला चित्र मऊ पडतं. पन्नास मिमी जास्त मिळतात म्हणून मोह होतो, पण धारदार २५० कापून मोठा केलेला फोटो धूसर ३०० पेक्षा चांगला दिसतो. कॅननच्या छोट्या सेन्सरमुळे २५० चा कोन ४०० इतका अरुंद होतो, तो कुंभारगावच्या होडीतून पुरेसा आहे. निकॉनवाल्यांनी एएफ-पी ७०-३०० घेताना लेन्सवर ‘व्हीआर’ लिहिलंय का ते वाचावं. तीच लेन्स त्याशिवायही विकली गेली आहे.

एक लक्षात असू द्या. आयएस किंवा व्हीआर आपला हात स्थिर करतं, पक्षी नाही. उडणाऱ्या रोहितासाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान हवं, म्हणून सकाळचं ऊन चढू द्या. होडीत ट्रायपॉड नेऊ नका, होडीचा प्रत्येक हेलकावा तो कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. नावाड्याला इंजीन लांबच बंद करून बांबूने जायला सांगा. थवा उडावा म्हणून होडी अंगावर घालायला कोणी सुचवलं तर नाही म्हणा. दूरवरून आलेले आणि पोटासाठी चिखल चाळणारे पक्षी आहेत ते; आपल्या एका फोटोसाठी त्यांना उठवायचं नाही.

कोल्हापूर, अकरावीतली विद्यार्थिनी : आजोबांचा निकॉन एफएम२ आणि ५० मिमीची लेन्स घरात आहे. आजोबा आता नाहीत. ती लेन्स लागेल असा स्वस्त डीएसएलआर आहे का?

आहे. हे पत्र मी दोनदा वाचलं.

एफएम२ हा १९८२ चा फिल्म कॅमेरा. त्याची लेन्स आजच्या एफ माउंटच्या डीएसएलआरवर तशीच्या तशी बसते. वापरलेला डी३४०० किंवा डी३५०० घेतलास तर लेन्स लागेल, पण कॅमेरा प्रकाश मोजणार नाही आणि फोकस हातानेच करावा लागेल. थोडे पैसे जास्त जमले तर डी७००० किंवा डी७२०० बघ. त्यांच्या माउंटपाशी एक छोटी खुंटी आहे, ती आजोबांच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर ओळखते आणि प्रकाश मोजून देते. नंतर आलेल्या डी७५०० मधून निकॉनने ती खुंटी काढून टाकली, म्हणून नवा दिसतो तरी तो तुझ्या कामाचा नाही. डी७००० मालिकेचा व्ह्यूफाइंडरही खऱ्या प्रिझमचा, मोठा आणि उजळ आहे. हाताने फोकस करणाऱ्याला त्याची गरज लागते.

आधी नाशिकच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे टॉर्च मारून लेन्स तपास. बुरशी असेल तर स्वतः उघडू नकोस, शहरात जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत, त्यांना दाखव.

डी३४०० च घेतलास तर अशी सुरुवात कर. मोडची चकती ‘एम’वर, म्हणजे सगळं आपण हाताने ठरवायचं. आयएसओ १००. भर दुपारच्या उन्हात लेन्सवरची रिंग १६ वर फिरव आणि शटर १/१०० ठेव. फोटो जवळपास बरोबर येईल. मीटरची बॅटरी संपली की आजोबाही असाच अंदाज घेत असतील. ढग आले की रिंग ८ वर, अंगणातल्या सावलीत ४ वर. रिंग फिरवताना बोटाला खटके लागतात, ते मोजायला शीक. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे एक हिरवा ठिपका आहे. मधल्या बिंदूवर तुझ्या आजीचा डोळा ठेव, फोकसची रिंग हळूहळू फिरव आणि ठिपका स्थिर झाला की बटण दाब.